लग्न ठरल्यावर मालमत्तेचा लेखी करार करून ठेवावा का?

तुम्ही लिहिले आहे की साखरपुड्याची तारीख ठरली आहे, तुम्ही मिरजेत एका रुग्णालयात नोकरी करता, मुलाकडे तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि बागेवर कर्जही आहे. पैसा, दागिने आणि घर यांबद्दल लग्नाआधी लेखी करार करावा असे तुम्ही सुचवताच वडील म्हणाले, 'लग्नाआधीच फारकतीचे कागद कसले?' मी सांगलीत कौटुंबिक आणि दिवाणी दावे चालवते. माझे मत असे की लेखी जरूर ठेवावे, मात्र मुद्रांकावर एकच करारनामा लिहून, त्याची नोटरी करून निर्धास्त होऊ नये.

याचे कारण कायद्यात आहे. हिंदू विवाह कायदा, 1955 मध्ये किंवा विशेष विवाह कायदा, 1954 मध्ये अशा कराराची तरतूद नाही, त्यामुळे तो भारतीय करार कायदा, 1872 च्या कसोटीवर तपासला जातो, आणि ज्याचा उद्देश सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे तो करार कलम 23 नुसार रद्दबातल ठरतो. लग्नानंतर नवऱ्याने कायम सासुरवाडीलाच राहावे, अशी लग्नापूर्वी घातलेली अट कलकत्ता उच्च न्यायालयाने 1901 मध्येच अमान्य केली होती. 'पुढे वेगळे झालो तर पोटगी मागणार नाही' हे कलमही टिकत नाही, आणि मूल कोणाकडे राहावे हे न्यायालय मुलाचे हित पाहून ठरवते, आईवडिलांनी आधी काय लिहून ठेवले होते त्यावरून नव्हे. पोटगी सोडल्याचे कलम तुमच्यासमोर कोणी ठेवले, तर ते कायद्याने टिकणार नाही म्हणून सही करून मोकळे होऊ नका. नंतर तोच कागद दाखवून तुम्हाला तडजोडीला भाग पाडण्याचा प्रयत्न होतो.

गोव्यात परिस्थिती वेगळी आहे. तिथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या व्यवस्थेत पती-पत्नींनी लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते. आपल्याकडे लग्न झाले म्हणून नवऱ्याच्या जमिनीत किंवा घरात त्याच्या हयातीत बायकोचा आपोआप हिस्सा निर्माण होत नाही. तिला त्या घरात राहण्याचा हक्क 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दिला आहे, पण राहण्याचा हक्क आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नेमके हेच अनेक सुशिक्षित मुलींनाही लग्नाआधी कोणी सांगितलेले नसते.

याचा परिणाम मी न्यायालयात पाहते. नोकरी करणारी बाई वर्षानुवर्षे पगारातून घराचे हप्ते भरते, घर मात्र सासऱ्यांच्या नावावर असते. ती साक्षीला उभी राहते तेव्हा तिच्या हातात फक्त पासबुक असते, आणि त्यात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एटीएममधून काढलेल्या रोख रकमांच्या नोंदी असतात. समोरचे वकील एकेका नोंदीवर बोट ठेवून विचारतात, यातले घराला किती गेले आणि किराण्याला किती? तिने सगळे विश्वासाने दिलेले असते, त्यामुळे तिच्याकडे उत्तर नसते. हप्ता तुमच्या पगारातून जाणार असेल तर तो बँक खात्यातूनच जावा आणि घराच्या खरेदीखतावर तुमचे नाव असावे. कर्जात सहकर्जदार म्हणून सही तुमची आणि दस्तावर नाव मात्र दुसऱ्याचे, अशी व्यवस्था कितीही प्रेमाने मांडली गेली तरी स्वीकारू नका.

दागिन्यांचेही असेच आहे. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात स्त्रीधन ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या हुंडा प्रतिबंधक नियमांनी वधू-वरांना मिळालेल्या भेटवस्तूंची लेखी यादी करायला सांगितले आहे. त्या यादीत वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहून वधू-वरांच्या सह्या घ्यायच्या असतात. ही यादी कराच, आणि सोबत सराफाच्या पावत्या व दागिन्यांचे फोटो ठेवा. बागायतदाराच्या घरात ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर औषधे-खते आणि मजुरीसाठी घरातले सोने तारण ठेवण्याची वेळ येते, त्यात गैर काही नाही. पण तुमचे सोने नवऱ्याच्या नावाच्या कर्जाला तारण जाणार असेल, तर कोणता दागिना, किती तोळे आणि कोणत्या तारखेला दिला, एवढे त्याच्या हस्ताक्षरात लिहून घ्या.

कर्जाबद्दल सरळ विचारा. सातबाऱ्यावर इतर हक्कात कोणता बोजा आहे, विकास सोसायटीचे किती बाकी आहे, मुलगा आणखी कोणाला जामीन आहे का, हे त्याने सांगावे, आणि तुमचे शैक्षणिक कर्ज असेल तर तेही तुम्ही सांगावे. नवऱ्याच्या कर्जाला तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही करेपर्यंत ते तुमच्यावर येत नाही. तुमच्या पगारातून आईवडिलांना दरमहा काही द्यायचे असेल तर तेही आताच बोला. लग्नानंतर पहिली कुरबुर बहुधा याच मुद्द्यावर होते.

वडिलांची हरकत मी समजू शकते, कारण मुलीचे लग्न मोडण्याचा विचारही त्यांना सहन होत नसेल. पण आपल्या भागात लग्न ठरताना 'याद' लिहितातच: मांडव कोणाचा, जेवणावळ कोणाची, मानपान किती, आणि खाली दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या. त्या कागदाने कोणाचा अपमान होत नाही. ज्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक विवाहासाठी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वर सर्वांसमक्ष तिला वचन देतो. मग संसार ज्या दोघांनी करायचा, त्यांनी आपले येणे-देणे एका कागदावर मांडले तर त्यात फारकत कुठून आली?

याद्यांच्या बैठकीपूर्वी तुम्ही आणि मुलगा एकदा वेगळे बसा, आणि वडीलधाऱ्यांना नंतर बोलवा. तो सातबारा आणि सोसायटीचा उतारा घेऊन आला तर बोलणे सोपे जाईल. तो हे दाखवायला तयार नसेल, तर साखरपुड्याची तारीख पुढे ढकलण्यास माझी तरी हरकत नाही.