मुंबईत नवीन आहात? आधी लोकल समजून घ्या

घर बघताना किलोमीटर मोजू नका. स्टेशनपर्यंत पायी किती मिनिटं लागतात, ते सकाळी ९ वाजता स्वतः चालून बघा. पहिल्यांदा मासिक पासच काढा, घर बदललं तर त्रैमासिकाचे पैसे अडकतात.

इंडिकेटरवर शेवटचं स्टेशन, वेळ, फास्ट (मोजक्याच स्टेशनांवर थांबणारी) की स्लो (सगळीकडे थांबणारी) आणि डबे किती, ते दिसतं. डबे नक्की बघा: १२ डब्यांच्या गाडीसाठी १५ डब्यांच्या टोकाला उभं राहिलात, तर ऐनवेळी पळावं लागतं.

संध्याकाळी चर्चगेटहून अंधेरी-बोरिवलीला जाताना विरार फास्ट, म्हणजे बोरिवलीच्याही पुढे विरारला जाणारी फास्ट गाडी, सोडाच. दारात लांबची माणसं घट्ट उभी असतात, उतरता येत नाही. बोरिवली लोकल घ्या. दोन स्टेशनं आधी सरकायला लागा, पुढच्याला ‘अंधेरी उतरणार?’ एवढंच विचारा. सॅक पोटाशी धरा. आणि कृपा करून दारात लटकू नका, पुढची गाडी येतेच.