वावर आहे, तारण नाही: एमएस कुठं करावं?

"अमेरिकेचं एक अ‍ॅडमिशन लेटर आलंय, पोरगी जर्मनी म्हणायली. रँकिंग बघावं का खर्च?" परभणी जिल्ह्यातल्या एका शेतकरी वडिलांचा हा प्रश्न. मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअर, पदवी लोणेरेच्या विद्यापीठाची, सीजीपीए 7.8. सोबत कन्सल्टंटनं दिलेली यादी, आणि अमेरिकेतली जागा पक्की करायच्या डिपॉझिटची मुदत तोंडावर.

अशा वेळी यादी बाजूला ठेवून आधी सातबारा, आठ-अ आणि घराची कागदपत्रं मागवावी लागतात. वडिलांना वाटत होतं, सात एकर बागायत आहे म्हणजे कर्जाची चिंता नाही. "विहिरीला पाणी हाय, मग बँक नाही कशाला म्हणायली?" कारण 2002 च्या सरफेसी, म्हणजे थकीत कर्जाचं तारण बँकेला ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याच्या कलम 31 नं शेतजमीन त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. हप्ते थकले तर बँकेला ती सरळ ताब्यात घेऊन विकता येत नाही, म्हणून मोठ्या शैक्षणिक कर्जाला वावर बहुधा तारण चालत नाही. शहरातला प्लॉट होता, पण गुंठेवारीतला आणि नियमित न केलेला. वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये तो अडकला. शेवटी मामांचं एनए जागेवरचं घर पुढं आलं. सहकर्जदारही तेच, कारण ते शिक्षक, त्यांच्याकडे फॉर्म 16. शेतीचं उत्पन्न करमुक्त, वडिलांनी रिटर्न कधी भरलेलाच नव्हता.

घराच्या मूल्यांकनावर 25-26 लाखांपर्यंत कर्ज बसत होतं. अमेरिकेच्या विद्यापीठानं दोन वर्षांची फी आणि राहणं मिळून 62,000 डॉलर धरले होते, डॉलर 90 रुपयांनी सुमारे 56 लाख. शेती आणि घरचं सोनं मोडायचं नाही म्हटलं, तर उरलेली रक्कम विनातारण खासगी वित्तसंस्थेकडून, चढ्या व्याजानं. एकूण कर्ज 40 लाख आणि व्याज 10.5 टक्के इतकंच धरलं, शिकतानाचं व्याज दरमहा भरत राहिलं, तरी 10 वर्षांचा हप्ता सुमारे 54,000 रुपये. नोकरी तिकडं नाही लागली आणि पुण्यात 40,000 वर सुरुवात करावी लागली, तर हा हप्ता कुणी भरायचा? हे उत्तर मामांच्या समोर बसून काढावं. घर त्यांचं आहे.

रँकिंगचं म्हणाल तर ते दोन ठिकाणी नक्की लागतं: राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि सारथीची परदेश शिष्यवृत्ती. दोन्हींना क्यूएस या जागतिक विद्यापीठ रँकिंगची अट आहे. बाकी विद्यापीठाच्या नावापेक्षा विभागाचं पान वाचावं. अमेरिकेत तर आय-20 वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मवर, अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड (विषयाचा सरकारी क्रमांक) बघाच. तो स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर शिक्षणानंतर तिथं काम करायच्या 12 महिन्यांच्या परवानगीला, म्हणजे ओपीटीला, आणखी 24 महिने जोडता येतात, नसेल तर 12 वरच थांबायचं. नावात 'अ‍ॅनॅलिटिक्स' आहे म्हणून कोड स्टेमचा असेलच असं नाही. त्यानंतरचा नोकरीचा व्हिसा, एच-1बी, पुन्हा सोडतीवर.

जर्मनीबद्दल 'फी नाही' एवढंच गावापर्यंत पोचलेलं असतं. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ते खरं आहे. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना दर सत्राला 1,500 युरो लागतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही फी सुरू केली आहे, आणि खासगी विद्यापीठं तर फी घेतातच. कन्सल्टंटच्या यादीतली जर्मनीची तिन्ही नावं खासगी निघाली. सल्ला फुकट असेल तर कमिशन कुठून येतं, हे तोंडावर विचारायला लाजू नये.

राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, युरो 105 रुपयांनी साडेबारा लाख. हे पैसे बुडत नाहीत, महिन्याला 992 युरो असे आपल्यालाच मिळतात. दुसऱ्या वर्षाची सोय वेगळी. मामांच्या घरावरच्या कर्जात बसणारा आकडा हाच होता.

प्रवेश मात्र सोपा नाही. तिकडं गुण बव्हेरियन सूत्रानं जर्मन ग्रेडमध्ये बदलतात, आणि तिथं आकडा जितका लहान तितका चांगला: कमाल गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण यांच्या फरकानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. किमान उत्तीर्ण 4 धरलं तर 7.8 चे होतात 2.1, आणि 5 धरलं तर 2.3. अट 2.5 ची असेल तर दोन्ही चालतात, 2.2 ची असेल तर एकच. म्हणून विद्यापीठाच्या नियमातला किमान उत्तीर्ण ग्रेडचा कागद आधी मिळवा. दुसरी अडचण विषयांची. गणित आणि संगणकशास्त्राचे ठरावीक ईसीटीएस (युरोपातल्या पद्धतीचे) क्रेडिट नसतील तर कितीही गुण असोत, अर्ज परत येतो. सिव्हिल करून डेटा सायन्सला जाणारे इथंच पडतात.

मुलीनं अमेरिकेचं डिपॉझिट भरलं नाही, प्रवेश पुढच्या सत्रात ढकलण्याची विनंती केली. सिलॅबसशी क्रेडिट जुळवून जर्मनीतले चार सरकारी अभ्यासक्रम काढले, दोन थेट विद्यापीठाकडे, दोन युनि-असिस्टमार्फत, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत. तिथं पहिल्या अर्जाला 75 युरो, पुढच्या प्रत्येकाला 30. एपीएस, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याच्या प्रमाणपत्राशिवाय व्हिसा नाही, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी. ट्रान्सक्रिप्टसाठी लोणेरेला अर्ज तिनं त्याच आठवड्यात टाकला, आणि संध्याकाळी परभणीत जर्मन भाषेच्या ए1 चा, म्हणजे पहिल्या पातळीचा, क्लास लावला.