आफ्रिकेतल्या एस्वातिनीला (पूर्वीचं स्वाझीलँड) पहिल्यांदा जाताय?

देश जेमतेम १७ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणून दोन दिवसांत उरकू नका. निदान पाच ठेवा. गट सहा-आठ जणांचाच बघा. म्खाया या गेंड्यांच्या अभयारण्यात आपली गाडी नेता येत नाही. तिथल्या वाटाड्याबरोबर उघड्या जीपमधून फिरायचं, आणि गेंड्याच्या दिशेने पायी जाताना त्याने हात वर केला की जागच्या जागी थांबायचं. मोठ्या घोळक्याला हे जमत नाही. सिंह बघायचे तर ह्लाने राष्ट्रीय उद्यानात. मे ते सप्टेंबर झाडी विरळ, प्राणी पाणवठ्यावर दिसतात. ऑगस्टअखेरीस उम्हलांगा, म्हणजे बोरूचा सण, सापडला तर सोडू नका: हजारो मुली राजमातेच्या वाड्याच्या कुडासाठी बोरू तोडून आणतात. मात्र विचारल्याशिवाय फोटो नको, तो त्यांचा सण आहे. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारा.