'चार्ज'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आला : वीजबिलात 'आकार', विज्ञानाच्या पुस्तकात 'प्रभार', कोर्टाच्या बातमीत 'आरोप' आणि कार्यालयात 'पदभार'. इंग्रजीत चारही ठिकाणी 'चार्ज'च. मग मराठीत त्याला एक नेमका शब्द का नाही, आणि भाषांतर करताना कोणता घ्यायचा?

एकच शब्द नाही हे खरं, पण पसारा वाटतो तेवढा नाही. लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे गाडा. गाड्यावर माल लादणं ते 'कार्रिकारे', आणि तेच जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत 'चार्ज' होऊन आलं. जहाजावरचा 'कार्गो'ही याच घराण्यातला. मूळ अर्थ लादणं, भार घालणं. तोफेत दारू ठासली की तो तिचा 'चार्ज'. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने विजेच्या प्रयोगांबद्दल लिहिताना हीच तोफखान्याची भाषा वापरली आणि लायडन बरण्यांच्या (वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्यांच्या) जोडणीला तोफांच्या रांगेचं नाव दिलं : 'बॅटरी'.

आता आपले शब्द एका ओळीत ठेवून पाहा : प्रभार, प्रभारी, पदभार, कार्यभार, अधिभार, भारित. 'भार' सगळ्यांत आहे. परिभाषा घडवणाऱ्यांनी धागा बरोबर पकडला होता. राज्याच्या अर्थसंकल्पात खर्चाचे 'दत्तमत' (मताने मंजूर होणारा) आणि 'भारित' (इंग्रजीत 'चार्ज्ड') असे दोन प्रकार दिसतात. भारित खर्च थेट एकत्रित निधीवर, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीवर टाकलेला असतो. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन किंवा राज्याच्या कर्जावरचं व्याज ही त्याची उदाहरणं. त्यावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. इथे 'आकारलेला खर्च' लिहिलं की अर्थच बदलला.

पैशांच्या बाबतीत मात्र 'भार' मागे पडतो आणि 'आकार' येतो. महावितरणचं घरगुती बिल काढून बघा : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, आणि त्याखाली 'वीज शुल्क' १६ टक्के. शेवटचं शुल्क का? कारण तो सरकारला जाणारा कर आहे, पुरवलेल्या सेवेचा मोबदला नाही. बोलताना अर्थात कोणी 'आकारत' नाही. बँक चार्ज 'लावते', रिक्षावाला जास्त 'घेतो' आणि दुकानदाराला आपण 'याचे किती?' एवढंच विचारतो. संवादाचं भाषांतर करणाऱ्यांनी 'तुम्ही किती आकारता?' कृपया टाळावं.

सर्वांत जास्त चुका कोर्टाच्या बातम्यांत होतात. पोलीस तपास संपवून न्यायालयात देतात ते आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट. ते वाचून, दोन्ही बाजू ऐकून न्यायालय 'आरोप निश्चित' करतं, तो खरा 'चार्ज'. या दोन्हींत कित्येकदा वर्षं जातात. आरोप निश्चित करण्यापुरताही आधार दिसला नाही, तर आरोपीला 'डिस्चार्ज' मिळतो, मराठीत 'दोषमुक्त'. खटला पूर्ण चालून, साक्षीपुरावे होऊन सुटला तर 'निर्दोष मुक्तता'. दोन्हींना सरसकट 'निर्दोष सुटला' म्हणणं चूक आहे, कारण दोषमुक्तीच्या वेळी खटला उभाच राहिलेला नसतो. आणि धरणाचा 'डिस्चार्ज' म्हणजे विसर्ग, तो मोजतात क्युसेकमध्ये : १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, साधारण २८.३ लिटर पाणी.

इंग्रजी लिहिताना अर्थ ठरतो तो पुढच्या अव्ययावरून. 'चार्ज्ड विथ थेफ्ट' म्हणजे चोरीचा आरोप, 'चार्ज्ड फॉर रिपेअर्स' म्हणजे दुरुस्तीचे पैसे लावले, आणि बैल 'चार्ज्ड अ‍ॅट' कोणावर तरी, म्हणजे अंगावर धावून गेला. (लाठीचार्ज याच तिसऱ्या अर्थाचा, आणि तो खास भारतीय इंग्रजीचा शब्द.) एका छोट्याशा 'द'नेही माणसं उलटी होतात : 'द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड' म्हणजे मूल नर्सच्या ताब्यात, 'द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स' म्हणजेही तेच. पण दुसऱ्या वाक्यातला 'चार्ज'च्या आधीचा 'द' गाळला की मूलच नर्सला सांभाळू लागतं.

राहिला मोबाईल. बॅटरीवर ५००० मिलिअँपिअर-तास छापलेलं असतं, ते प्रभाराचंच माप आहे : ५ अँपिअर-तास, म्हणजे १८,००० कुलोम. ऊर्जा हवी असेल तर त्याला व्होल्टेजने गुणावं लागतं. आपण त्याला 'चार्जिंग' म्हणतो आणि 'माझं चार्जिंग संपलंय' हे मराठीत पूर्ण बरोबर आहे. तिथे 'चार्जिंग' म्हणजे बॅटरीत उरलेली वीज. तेच जसंच्या तसं इंग्रजीत 'माय चार्जिंग इज ओव्हर' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल, फोन भरून झाला, आता प्लग काढायचा. तिथे 'माय बॅटरी इज डेड' म्हणा, नाहीतर 'माय फोन्स आउट ऑफ चार्ज'.