एनएफएलच्या अंतिम ५३ जणांत कोण राहणार, हे आधी कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नातलं थोडक्यात सांगतो. ऑफिसात दर ऑगस्टमध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या आपापल्या संघाच्या अंतिम यादीतले ५३ खेळाडू आधीच लिहून द्यायचे असतात. तुम्ही प्रीसीझनचे, म्हणजे हंगामाआधीचे, सगळे सामने बघितलेत, उत्तम खेळलेल्यांची नावं लिहिलीत, आणि तरी बरेच अंदाज चुकले. मला वाटतं ते सामने बघून लिहिलेत म्हणूनच चुकले.

मी पिट्सबर्गच्या बाजूला राहतो, तिथल्या स्टीलर्स संघाचा चाहता आहे, आणि उन्हाळ्यात लेट्रोबला सेंट व्हिन्सेंट कॉलेजच्या मैदानावर त्यांचा सरावाचा कॅम्प बघायला जातो. इतकी वर्षं हे बघून माझं एक मत पक्कं झालंय. शेवटच्या सात-आठ जागांसाठी प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर ‘कोण जास्त चांगला’ असं विचारत नाहीत. ‘कोणाला सोडलं तर तो आपल्याला परत मिळणार नाही’ असं विचारतात. आपण क्रिकेट बघत मोठे झालो, आणि तिथे संघातून वगळलेला खेळाडू दुसरा देश उचलून नेत नाही. इथे नेतो, आणि सगळं गणित त्यावर फिरतं.

कॅम्पमध्ये ९० खेळाडू असतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका मंगळवारी दुपारी चार वाजेपर्यंत (पूर्वेकडच्या वेळेनुसार) ते ५३ वर आणावे लागतात. २०२१ आणि २०२२ मध्ये ही कपात टप्प्याटप्प्याने झाली, २०२३ पासून पुन्हा एकाच दिवशी होते. बत्तीस संघ मिळून हजाराच्या वर माणसं एका दुपारी बाहेर पडतात. त्यातले जे अजून चार हंगाम पुरे केलेले नाहीत ते ‘वेव्हर’वर जातात, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इतर कोणताही संघ त्यांच्यावर हक्क सांगू शकतो. दोघांनी सांगितला तर गेल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघाला आधी मान. चार हंगाम पुरे केलेला खेळाडू मात्र लगेच मोकळा होतो, वेव्हरमध्ये अडकत नाही.

आता चाहते इथेच फसतात. आपल्या आवडत्या पोराला सोडलं तर दुसरे टपलेलेच असतील, असं प्रत्येकाला वाटतं. प्रत्यक्षात त्या हजारांतून उचलले जातात साधारण दोन-तीन डझन. कारण ज्याला उचलाल त्याला स्वतःच्या ५३ मध्ये जागा द्यावी लागते, म्हणजे नुकताच निवडलेला आपला एक माणूस घालवावा लागतो. म्हणून ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) कोणीच न घेतलेला, प्रीसीझनमध्ये दोन छान झेल घेणारा सहावा-सातवा रिसीव्हर (पास झेलणारा) बहुतेक वेळा सहीसलामत सुटतो आणि दुसऱ्या दिवशी १६ जणांच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे ५३ बाहेरच्या सराव-गटात, परत येतो. संघाला हे ठाऊक असतं, म्हणून तो बिनधास्त सोडतो. उचलले जातात ते तरुण ऑफेन्सिव्ह लाइनमन (आक्रमणात समोरच्यांना अडवणारे), ज्यांच्यावर वरच्या फेऱ्यांमधला ड्राफ्ट खर्च झालाय असे, किंवा ज्यांचा जुना प्रशिक्षक आता दुसऱ्या संघात आहे असे.

क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणाऱ्याचा, प्रश्न याहून वेगळा. २००० साली पेट्रियट्सनी चक्क चार क्वार्टरबॅक ठेवले होते, आणि त्यातला चौथा म्हणजे १९९ व्या क्रमांकावर घेतलेला, पुढे दिग्गज ठरलेला टॉम ब्रेडी. २०२२ मध्ये फोर्टीनायनर्सनी अनुभवी नेट सडफेल्डला सोडलं आणि ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू ब्रॉक पर्डी ठेवला. त्याच डिसेंबरमध्ये पर्डी त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक होता. तरुण क्वार्टरबॅकमध्ये संघाला काहीतरी दिसलं असेल तर तो वेव्हरवर टाकायची हिंमत फार थोडे करतात.

कागदावर काम असं सुरू करा. दुखापत नसलेले मुख्य खेळाडू आणि ड्राफ्टच्या पहिल्या तीन फेऱ्यांतली या वर्षीची मुलं डोळे झाकून लिहा. मग जागा मोजा. चेंडू लाथाडणारे किकर आणि पंटर, आणि त्यांच्यासाठी चेंडू मागे देणारा लाँग स्नॅपर मिळून तीन. उरलेल्या पन्नास आक्रमण आणि बचाव यांत जवळपास निम्म्या-निम्म्या. ऑफेन्सिव्ह लाइनला नऊ धरा. सामन्याच्या दिवशी आठ लाइनमन तयार ठेवले तरच ४८ खेळाडू उतरवता येतात, नाहीतर ४७, म्हणून त्या जागांवर कोणी कात्री चालवत नाही. इतकं केलंत की चाळीस-पंचेचाळीस नावं आपोआप बसतात. खरी मेहनत तिथून पुढे आहे.

तिथे स्पेशल टीम्स बघा, म्हणजे चेंडू लाथाडला जातो तेव्हा मैदानात उतरणारे गट. हे मी कळकळीने सांगतोय, कारण टीव्हीवर पंट (चेंडू लांब लाथाडून समोरच्या संघाला देणं) सुरू झाला की सगळे चहा करायला उठतात. पाचवा रिसीव्हर, बचावातला चौथा सेफ्टी किंवा पाचवा लाइनबॅकर या जागा मुख्यतः पंट आणि किकऑफवर धावणाऱ्यांच्या असतात. पेट्रियट्सचा मॅथ्यू स्लेटर नावाला रिसीव्हर होता, साऱ्या कारकिर्दीत त्याने एकच पास झेलला, आणि तरीही स्पेशल टीम्सच्या जोरावर तो दहा वेळा प्रो बोलसाठी (लीगमधल्या निवडक खेळाडूंचा मान) निवडला गेला. प्रीसीझनच्या पहिल्या क्वार्टरमध्ये, मुख्य खेळाडू मैदानावर असताना, पंटच्या वेळी दोन्ही कडांना कोण उभे आहेत त्यांचे नंबर टिपून ठेवा. चौथ्या क्वार्टरमधल्या तीन टचडाउनपेक्षा ते नंबर जास्त सांगतात. २०२४ पासून किकऑफचा नियम बदलला, परतीच्या धावा वाढल्या, त्यामुळे चांगला रिटर्नर (किकचा चेंडू घेऊन परत धावणारा) असलेल्या चौथ्या रनिंग बॅकचं वजनही वाढलंय.

व्हिक्टर क्रूझचं उदाहरण तुम्हाला कोणीतरी देईलच. २०१० मध्ये जायंट्सकडून जेट्सविरुद्धच्या प्रीसीझन सामन्यात त्याने तीन टचडाउन केले आणि ड्राफ्टमध्ये न घेतलेला हा मुलगा संघात आला. गोष्ट खरी आहे. पण अशी रात्र गाजवून महिन्याभरात घरी गेलेले कितीतरी आहेत, त्यांची नावं कोणी सांगत नाही. शेवटच्या प्रीसीझन सामन्यात एखाद्या काठावरच्या खेळाडूला बाकावर बसवलं, तर तो बहुधा राहिलाय असं समजा. जो चारही क्वार्टर खेळतोय त्याची अजून परीक्षा चालू आहे.

पैशाचं एकच उदाहरण देतो. समजा एकाचा चार वर्षांचा करार आहे आणि सही करताना ८० लाख डॉलर बोनस मिळाला. सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) तो दरवर्षी २० लाख असा मोजला जातो. तिसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याला काढलं तर या वर्षीचे २० लाख आहेतच, शिवाय चौथ्या वर्षाचे २० लाख पुढच्या कॅपवर पडतात, आणि खेळाडू तर गेलेला असतो. त्याचा उरलेला पगार याहून कमी असेल तर तो बहुधा राहील, अर्धवट खेळला तरी. ही आकडेवारी करारांच्या संकेतस्थळांवर सहज मिळते.

अनुभवी खेळाडूंच्या बाबतीत आणखी एक चाल असते. ते वेव्हरवर जात नसल्याने संघ त्यांच्याशी आधीच बोलून मंगळवारी सोडतो, बुधवारी जखमी खेळाडूला राखीव यादीत हलवतो आणि मोकळ्या झालेल्या जागेवर त्याला परत घेतो. परत घ्यायचं ठरलेल्या लाँग स्नॅपरचं किंवा पर्यायी क्वार्टरबॅकचं नाव मंगळवारी यादीत नसलं तर दचकू नका. २०२४ पासून कपातीच्याच दिवशी दोघा जखमींना ‘परत येणार’ अशा शेऱ्यासह राखीव यादीत टाकता येतं, त्यामुळे ही चाल पूर्वीइतकी लागत नाही. काही अनुभवी खेळाडूंना तर पहिल्या सामन्यानंतरच घेतात, कारण पहिल्या आठवड्यात यादीत असलेल्या अनुभवी खेळाडूला नंतर काढलं तरी तो हंगामाचा पगार मागू शकतो.

संघाने छापलेल्या डेप्थ चार्टवर (कोणत्या जागेला कोण पहिला, कोण दुसरा याची यादी) विसंबू नका, तो बऱ्याचदा प्रसिद्धी विभाग तयार करतो. रोज सरावाला हजर असणारे स्थानिक पत्रकार कोणी कोणत्या गटासोबत सराव केला ते लिहितात, ते वाचा. दुसऱ्या संघाबरोबरच्या संयुक्त सरावाची बातमी तर अजिबात सोडू नका.

आणि एक. कापलेल्यांच्या नावांवर काट मारताना ती माणसं आहेत हे मी विसरू शकत नाही. २०२४ च्या दराने ५३ मधल्या सर्वांत नवख्यालाही हंगामाचे ७,९५,००० डॉलर, म्हणजे आठवड्याला सुमारे ४४,०००. प्रॅक्टिस स्क्वॉडवरच्या नवख्याला आठवड्याला १२,५००. बाकीच्यांना काहीच नाही. आमच्या जेम्स हॅरिसनला २००२ मध्ये ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही. स्टीलर्सनी त्याला पुन्हा पुन्हा काढलं, मग रेव्हन्सनीही काढलं. २००४ च्या कॅम्पमध्ये दुसऱ्या एकाला दुखापत झाली म्हणून तो परत आला, आणि २००८ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. अंदाज लावणाऱ्या कोणाच्याही यादीत तो बसला नसता, माझ्याही नाही.

तुमच्या ऑफिसात निकाल मंगळवारच्या यादीवर लागतो की गुरुवारच्या, हे आधी विचारून घ्या. गुरुवारचा असेल तर वेव्हरवरून येणाऱ्या एका अनोळखी नावासाठी जागा सोडा, आणि त्या जागी तुमचा सगळ्यात कच्चा खेळाडू काढा. संघ कोणता ते इथे लिहिलंत तर त्याच्या काठावरच्या जागांवर आपण नावानिशी बोलू.