विंगेत थांबू की समोर बसू?

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू झाला की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या बोलण्यात एक काळजी हमखास येते. आमच्या वसईत नाताळच्या कार्यक्रमात मुलांची नृत्यं असतातच. धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं देवदूत होतात, मेंढपाळ होतात, पूर्वेकडचे ज्ञानी लोक होतात. पंख बांधायला, केस आवरायला, रडणाऱ्याला पाणी पाजायला पाठीमागे पालक लागतात. मग प्रश्न येतो, ‘‘मॅडम, मी पाठीमागे मदतीला जाते ती पोरीसाठीच. पण मी असले की ती जास्तच बिथरते. जाऊ की नको?’’ बाबा लोक हा प्रश्न क्वचित विचारतात, कारण ग्रीन रूमची कामं अजून आयांच्याच गळ्यात पडतात. हे बदलायला हवं.

माझं उत्तर असतं : जरूर जा, पण दुसऱ्यांच्या मुलांसाठी जा. हे ऐकून बऱ्याच आया दुखावतात. म्हणून प्रिसिलाची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला तिची परवानगी आहे.

प्रिसिला मूळची नगरची, प्रोटेस्टंट घरातली. लग्न होऊन वसईच्या कॅथलिक कुटुंबात आली. मुलगी रिया आठ वर्षांची, नाचात चांगली, म्हणून टीचरनी तिला पहिल्या रांगेत घेतलेलं. पण कार्यक्रमाच्या दिवशी तिच्या पोटात दुखायचं. संत गोन्सालो गार्सियांच्या सणाला मुलांनी नृत्य बसवलं होतं, त्यात ती मध्येच थबकली आणि रडत विंगेत आईकडे पळाली. ते गाणं तिच्याशिवाय पुरं झालं.

‘‘सगळं पाठ असतं हो तिचं,’’ प्रिसिला म्हणाली. ‘‘घरी डोळे मिटून करते.’’

मी विचारलं, ‘‘विंगेतून तुम्हाला काय दिसतं?’’

‘‘रिया.’’

‘‘आणखी?’’

‘‘तिचे पाय. डावा आधी टाकते की उजवा.’’

‘‘तिच्या शेजारी कोण नाचते?’’

प्रिसिला आठवू लागली. तिला आठवेना. त्या मुलीचा मुकुट तिनंच पिना लावून बसवला होता, तरी चेहरा डोळ्यांपुढे येईना. हा साधा प्रश्न मी अशा प्रत्येक आईला विचारते. त्याच्या उत्तरातून मला जे कळतं ते लांबलचक प्रश्नावलीतून कळत नाही.

पुढच्या भेटींत हळूहळू बाकीचं आलं. नगरला तिच्या चर्चमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, पेटी, तबला, झांजा सगळं होतं, पण नाच नव्हता. ‘‘देवाच्या घरात पोरीला नाचवता?’’ असं वडील फोनवर म्हणाले होते. ती सल होतीच. त्यावर मी तिला अंधेरीच्या ज्ञान आश्रमाबद्दल सांगितलं. फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी तिथं भारतीय संगीत-नृत्यातून ख्रिस्ताचं चरित्र मांडलं. पुढे फादर फ्रान्सिस बार्बोझा यांनी भरतनाट्यमसाठी ख्रिस्ती विषयांच्या नव्या हस्तमुद्रा रचल्या. तिच्या मुलीच्या नाचामागे एवढी साधना उभी आहे हे ऐकून तिला बरं वाटलं. पण मूळ दुखणं तिथं नव्हतं.

ते एका वाक्यात बाहेर आलं. ‘‘इथं मला सगळे कामाची म्हणून ओळखतात. पिना हव्यात? प्रिसिलाला सांगा. इस्त्री? प्रिसिलाला सांगा. इतकी वर्षं करून हे मिळवलंय. आणि माझीच पोरगी स्टेजवरून पळाली. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या.’’

रिया नाचत होती चार मिनिटं, पण त्या चार मिनिटांत सबंध धर्मग्रामापुढे, म्हणजे आपल्या चर्चच्या सगळ्या लोकांपुढे, परीक्षा चालू होती ती आईची. रियाला हे कुणी सांगितलं नव्हतं. तरी तिला ते ठाऊक असणार असा माझा अंदाज होता, म्हणून मी तिला भेटायला बोलावलं.

माझ्या टेबलावर मातीचा गोळा असतो. रिया त्याची मेंढरं करत बसली. आईला मी बाहेर थांबायला सांगितलं होतं. बऱ्याच वेळानं मी विचारलं, ‘‘नाचताना मम्मी विंगेत असते ना? तुला दिसते?’’

‘‘हो. तिचे ओठ हलतात. वन टू थ्री फोर.’’

‘‘मग?’’

‘‘मग माझं चुकलं की मला कळतं. तिचा चेहरा असा होतो.’’ तिनं भुवया आक्रसून दाखवल्या.

‘‘आणि मम्मी तिथं नसली तर?’’

रियानं मेंढराला पाय चिकटवला, विचार केला आणि म्हणाली, ‘‘तर चुकलेलं कळणार नाही. मग मी पुढं नाचेन.’’

माझ्या कामात असे क्षण फार थोडे येतात. मी पुढं काही विचारलं नाही. आठ वर्षांच्या मुलीनं स्वतःचं दुखणं आणि त्यावरचा उपाय, दोन्ही मोजक्या शब्दांत सांगितलं होतं. तिला स्टेजची भीती नव्हती, प्रेक्षकांचीही नव्हती. आईच्या चेहऱ्यावर ती स्वतःचा निकाल वाचत होती, तोही नाच चालू असताना.

मुलं असं करतातच, अगदी तान्ही असल्यापासून. 1985 साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास मी पालकांना नेहमी सांगते. वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं. काचेखाली पुढं खोलगट भाग आहे असं दिसायचं, खोली साधारण 30 सेंटिमीटर, म्हणजे धड धोका वाटू नये आणि धड सुरक्षितही वाटू नये अशी. पलीकडे आई. तिथं पोचलं की बाळ थांबायचं आणि आईच्या तोंडाकडे बघायचं. ज्या 19 बाळांच्या आयांनी आनंदी चेहरा ठेवला, त्यांतली 14 काच ओलांडून गेली. ज्या 17 बाळांच्या आयांनी भ्यालेला चेहरा केला, त्यांतलं एकही गेलं नाही. काच तीच, खोली तीच. माझा सगळा भर मूल आणि आई यांच्यातल्या या नजरेवर असतो, आणि इतकी वर्षं काम करून तो वाढतच गेला आहे. भीती घालवण्याच्या युक्त्या नंतर शिकवता येतात. आधी मूल कुणाच्या चेहऱ्याकडे बघतंय ते शोधावं लागतं.

प्रिसिलाला मी रियाचे शब्द रियाच्या परवानगीनं सांगितले. ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. तिचं बायबल पक्कं, लहानपणी शब्बाथ शाळेत घोटून घेतलेलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘‘दावीद राजा परमेश्वराच्या कोशापुढं, त्या पवित्र पेटीपुढं नाचत होता, तेव्हा त्याची बायको मीखल खिडकीतून बघत होती. तिला तेवढंच दिसलं, की राजाला हे शोभत नाही. मॅडम, मी मीखलच्या खिडकीत उभी आहे का?’’

मी म्हणाले, ‘‘मीखलच्या मनात तिरस्कार होता. तुमच्या मनात माया आहे. खिडकी मात्र सोडता येईल.’’

त्या नाताळला तिनं टीचरना सांगून रियाचा गट सोडला आणि बालवाडीच्या मुलांचा गट घेतला. ती मुलं मेंढरं होणार होती. कुणाची शेपटी सुटते, कुणाला ऐन वेळी शू लागते, कुणी कापूस तोंडात घालतं. रियाला तिनं घरूनच सांगितलं, ‘‘मी मेंढरांच्या खोलीत असेन. तुझं झालं की तिथं ये.’’ रिया एका ठिकाणी उलटी वळली, शेजारणीला धडकली आणि पुढं नाचत राहिली. हे प्रिसिलाला दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मोबाइलवर दिसलं. तोवर रियानं ते सांगितलंही नव्हतं. तिच्या लेखी सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

हा बदल टिकला, याचा मला आनंद आहे. आणि प्रिसिलाला धर्मग्रामात जी जागा हवी होती, ती मेंढरांच्या आयांनी तिला दिली. कारण आता तिला त्यांच्या मुलांची नावं ठाऊक होती.

आता ज्यांना यंदा पाठीमागे जायचं आहे त्यांच्यासाठी.

आपल्या मुलाचा गट मागून घेऊ नका. गट लहान असेल आणि पर्याय नसेल, तर पिना, पाणी, चपलांच्या जोड्या असं हातांना गुंतवणारं काम घ्या आणि मुलाच्या नजरेच्या टप्प्यात उभे राहू नका. आपण कुठे असू ते मुलाला घरीच सांगा, आणि सांगितलं तिथंच असा. न सांगता सटकणं आणि पडद्याआडून डोकावणं, दोन्हींनी मूल सारखी मान वळवून शोधत राहतं.

शेवटच्या तासात स्टेप सांगू नका. तो टीचरांचा प्रांत आहे. दोघांनी दोन सांगितलं की मूल गोंधळतं, आणि गोंधळलं की आईचं ऐकतं. रिकाम्या पोटी स्टेजवर पाठवू नका, केळं किंवा चपातीचा तुकडा पुरे. पोटात थोडं ढवळणं स्वाभाविक आहे, ‘‘काही होत नाही’’ म्हणून ते उडवून लावू नका. ‘‘होतं असं, नाच सुरू झाला की कमी होईल’’ एवढंच म्हणा.

मुलं कपडे बदलतात त्या खोलीत कधीही दोन मोठी माणसं असावीत, एकटं कुणी नको, आणि तिथं मोबाइल बाहेर काढायचाच नाही. ‘‘आपलीच माणसं आहेत’’ हे कारण मला मान्य नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा आपल्या माणसांनाही लागू आहे, आणि नियम सगळ्यांना सारखा असला की कुणावर संशय घेतल्यासारखंही होत नाही.

नाच संपल्यावर पहिलं वाक्य चुकीबद्दल नको. ‘‘मस्त’’, ‘‘बेस्ट’’ असंही लगेच नको, कारण तोही निकालच. विचारा, ‘‘तुझ्या शेजारी कोण होतं? लाइट डोळ्यांवर येत होता का?’’ मूल सांगू लागेल. आणि धर्मग्रामाच्या कार्यक्रमात बक्षिसं, क्रमांक ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. गव्हाणीपुढे केलेल्या नाचाला पहिला-दुसरा कशाला?

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. प्रत्येक घाबरट मुलामागे काळजीत पडलेली आई असते असं मी म्हणत नाही. काही मुलं उपजतच सावध असतात. जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञांना चार महिन्यांच्या बाळांमध्येही नव्या गोष्टीनं चटकन बिथरणारी सुमारे पाचात एक आढळली होती. अशा मुलाला पहिल्या वर्षी आई विंगेत हवी असेल तर जरूर थांबा, टीचरना सांगून, खाली बसून, ओठ न हलवता. पुढच्या वर्षी ग्रीन रूमच्या दारापर्यंत. मूल स्वतः ‘‘जा आता’’ म्हणेपर्यंत घाई नको. पण कार्यक्रमाआधी आठवडे झोप उडत असेल, दर वेळी उलट्या होत असतील, किंवा भीती शाळेपर्यंत पसरली असेल, तर यंदाचा कार्यक्रम राहू द्या आणि मुलाला घेऊन समुपदेशकाकडे जा.