एनडीव्हीआय नकाशा (पीक किती हिरवं आहे ते उपग्रहाच्या किंवा ड्रोनच्या चित्रावरून दाखवणारा) पाहून खपलीसारख्या जुन्या गव्हाला युरियाचा दुसरा हप्ता ठरवता येतो का? अ‍ॅप लाल, म्हणजे कमी हिरव्या, भागात जास्त टाकायला सांगतंय.

येतो, पण अ‍ॅप म्हणतंय तसा नाही. ‘लाल दिसलं की युरिया’ हा हिशेब ठेंगण्या सुधारित वाणांचा. जुने उंच वाण सव्वा-दीड मीटर वाढतात आणि नत्र जास्त झालं की नेमके दाणे भरताना लोळतात. त्यामुळे नकाशा उलटा वाचा: आधी गडद हिरव्या भागाकडे बघा, तिथला दुसरा हप्ता निम्मा करा किंवा देऊच नका. सुधारित वाणाला हेक्टरी 120 किलो नत्र सांगतात. उंच वाणाला त्याच्या निम्म्यानेच सुरुवात करावी.

लाल भागात युरियाआधी पायी जा. पाच ठिकाणी एकेक मीटर ओळीतली रोपं मोजा आणि हिरव्या भागातल्या आकड्याशी ताडून बघा. रोपंच कमी असतील तर खताने ती वाढणार नाहीत. खपली टरफलासकट पेरली की बी पेरणीयंत्राच्या नळीत अडकतं आणि आख्खी ओळ रिकामी जाते. ड्रोनच्या चित्रात ती सरळ रेघ दिसते. उपग्रहाच्या चित्रात मात्र तेवढा भाग नुसता फिका पडतो, आणि अ‍ॅप त्यालाच नत्राची कमतरता समजतं. रोपं पुरेशी असतील तर फावड्याने वीतभर खणा. खाली मुरूम लागला किंवा पाणी साचलेलं दिसलं, तर तिथेही युरिया वायाच.

युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, साधारण 5 दिवसांनी एक, ढग नसतील तर. चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 बाय 10 मीटरचा चौकोन. एक एकर चौरस शेताची बाजू 64 मीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम 40 ठिपके, त्यात कडेचे अर्धे बांधावरच्या झाडांचे. हद्द आखताना चारी बाजूंनी 10 मीटर आत घ्या. उरतात 19 च्या आसपास. एवढ्यात दोन विभाग पुरेत, अ‍ॅप पाच रंग दाखवतंय म्हणून पाच पाडू नका. शेत अरुंद पट्टीचं असेल तर उपग्रहाचा नाद सोडा.

पेरणीनंतरचे पहिले तीन आठवडे कॅमेऱ्याला मुख्यतः मातीच दिसते. कामाचा काळ फुटवे फुटण्यापासून पोटरीपर्यंतचा. पीक दाट झालं की एनडीव्हीआय 0.8 च्या आसपास अडकून बसतो. मग एनडीआरई बघा, तो तसाच आकडा आहे, पण दाट पिकातही फरक दाखवतो: बँड 8 वजा बँड 5, भागिले दोघांची बेरीज (बँड म्हणजे उपग्रह वेगवेगळा टिपतो ते प्रकाशाचे पट्टे). बँड 5 चा ठिपका 20 मीटरचा आहे, म्हणून लहान शेतात त्याचा उपयोग कमी. ओंब्या निसवल्यावरचा पिवळेपणा नत्राचा समजू नका. जुन्या मिश्र बियाण्यात झाडं मागेपुढे पिकतात.

हप्ता खरंच लागतो का हे तपासायला, शेत मोठं असेल तर 40 मीटर रुंद पट्टीला दुसरा हप्ता देऊ नका. त्याहून अरुंद ठेवली तर पट्टीत पूर्ण बसणारा 20 मीटरचा ठिपका मिळेलच असं नाही. बाकी शेताला खत पडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दोन्हीकडचा एनडीआरई सारखाच आला, तर पुढच्या हंगामात तो हप्ता गाळा. एकरभर शेतात 3 मीटरची पट्टी ठेवून पानांच्या रंगाच्या तक्त्याने तपासा.